मळ्यावरचं पोस्टिंग

आमच्या आळीत सुट्टीवर आलेल्या जवानाला कुणी उठवत नाही. हा नियम कधी आणि कुणी केला हे कुणालाच सांगता येणार नाही. घरटी एक माणूस फौजेत असलेली ही आळी. कुणाच्या दारात काळी ट्रंक उतरली, की दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांचे आवाज आपोआप खाली येतात. जयराज आपली मोटरसायकल चालू न करता वळणापर्यंत ढकलत नेतो. डेअरीला निघालेल्या बायका किटल्या एकमेकींना लागू देत नाहीत. पोरं चेंडू घेऊन देवळामागं जातात. "जवान झोपलाय" असं कुणी म्हटलं, की नळावरचं भांडणसुद्धा उद्यावर जातं.

बाहेरच्या माणसाला याचं हसू येतं. आम्हाला येत नाही. जो माणूस वर्षभर दुसऱ्याच्या हुकमानं उठतो, त्याला निदान स्वतःच्या घरी स्वतःच्या मनानं डोळे उघडता यावेत, एवढीच त्यामागची समजूत. गावाकडं त्याला द्यायला दुसरं होतं काय? झोप होती. ती आम्ही पोटभर दिली.

बाळासो साळुंखेला ती जरा जास्तच दिली गेली.

बाळासो हवालदार म्हणून पेन्शनवर आला, तेव्हा आळीनं त्याला स्टँडवरून हलगी लावून आणलं. संयोगितानं, त्याच्या बायकोनं, दारात ओवाळलं. सुलाबाईंनी, आईनं, भाकरीचा तुकडा उतरून टाकला. दुसऱ्या दिवसापासून आळी गप्प झाली. बाळासोच्या घरात तर हे काम फारच नेटानं चाललं. म्हशीच्या गळ्यातली घंटा काढून ठेवली. कुकर शेजारच्या घरी लावून आणायचं ठरलं. मुलगी साक्षी नर्सिंगला सांगलीत, होस्टेलवर. तिला सकाळी फोन करू नको म्हणून बजावलं.

दर सुट्टीत हे असं महिनाभर चालायचं. मग ट्रंक भरली जायची, बाळासो जायचा आणि आळी पुन्हा बोलायला लागायची. या वेळी ट्रंक भरायचा दिवस आलाच नाही. सुट्टी आणि पेन्शन यांत फरक असतो, हे आमच्यापैकी कुणाच्याही ध्यानात आलं नाही. जवान घरी होता, म्हणजे जवान झोपणार, म्हणजे आम्ही हळू बोलणार.

पावसाळा गेला. बाळासो रात्री लवकर पडायचा आणि ऊन ओट्यावरून उतरून अंगणाच्या मध्यावर आलं की उठायचा. उठायचा म्हणजे बसायचा. बाजेच्या कडेला पाय सोडून, दोन्ही हातांत डोकं धरून. चेहरा सुजल्यासारखा. डोळे खोल पाण्यातून वर आल्यासारखे. समोरचा चहा गार व्हायचा. बरं वाटत नाही का म्हणून विचारलं तर "बरं हाय" म्हणायचा. जेवला की पुन्हा डोळा लागायचा, आणि दिवेलागणीला जाग आली की ही सकाळ का संध्याकाळ, हे त्याला क्षणभर कळायचं नाही. तसल्या जागेपणात माणूस आतून घाबरतो. दिवस आपल्याला न विचारता निघून गेलेला असतो. त्याची लाज वाटते, आणि लाज झाकायला हाताशी एकच वस्तू असते, ती म्हणजे पांघरूण.

नवल असं, की तो जेवढा झोपायचा तेवढा दमायचा. बर्फात पाठीवर ओझं घेऊन चढलेला माणूस, आता देवळापर्यंत जाऊन आला तरी पायरीवर टेकायचा. दाढी दोन-दोन दिवस राहू लागली, मग आठवडा आठवडा. त्याचा रागसुद्धा अर्धवट झाला होता. सुरू व्हायचा आणि मधेच त्याला कंटाळा यायचा.

संयोगिता लग्न होऊन आली तेव्हा बाळासोची नोकरी नवी होती. तेव्हापासून घरचा ऊस तिनं पिकवला. खताची पोती उतरून घेतली, मोटर जळली तर ती रानातून काढून तालुक्याला नेली, तोडीच्या चिठ्ठ्या देणाऱ्या कारखान्याच्या चिटबॉयच्या मागं लागून वेळेवर तोड आणली. ऊसतोड टोळीच्या मुकादमाशी ती अशी बोलायची की तो टोपी काढून ऐकायचा. आळीतल्या पुरुषांनी तिला आधी नावं ठेवली, नंतर तिला विचारून उसाच्या लागणी केल्या. मी हे सगळं पाहिलं आहे आणि आमच्या आळीतली ती आहे हे सांगताना माझी मान ताठ होते.

पण तिला स्वतःला हवं होतं ते फार साधं होतं. रानातून आल्यावर कुणीतरी समोर बसावं आणि विचारावं, आज काय झालं. एवढ्यासाठी ती थांबली होती. नवरा लांब होता तोवर ते नव्हतं याचं तिला काही वाटलं नाही. आता नवरा दोन भिंतींपलीकडं होता आणि तरीही ते नव्हतं. ती म्हणायची, "खालच्या वाफ्यातल्या उसाला लोकरी माव्याची कीड लागलीया." तो म्हणायचा, "तुला काय करायचं ते कर." पुढं तिनं सांगणं सोडलं. ज्या माणसाची वाट पाहिली, तो घरात येऊन हरवत चालला होता, आणि तिला कुणाकडं तक्रारही करता येत नव्हती. कारण तो करत काय होता? झोपत होता. त्याचा हक्कच होता तो.

दिवाळीनंतर तिनं त्याला तालुक्याला धन्यकुमार चौगुले डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टर सांगलीकडचे, जैन घरातले. सूर्य मावळायच्या आत जेवणारे आणि उगवायच्या आत फिरून येणारे. त्यांनी रक्त तपासलं. साखर नाही, थायरॉईड नाही, रक्त कमी नाही.

"झोपता किती?" त्यांनी विचारलं.

बाळासोनं सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"हवालदार, झोप कमी पडल्यानं माणूस थकतो हे सगळ्यांना माहीत असतं. जास्त झोपेनंही थकतो, हे कुणी सांगत नाही. दिवस सुरू झाला हे शरीराला सकाळचा उजेड सांगतो. तुम्ही तोच चुकवता. मग डोकं जड, अंग जड, मन उतरलेलं. मन उतरलं की पुन्हा झोपावंसं वाटतं. हे चाक आहे. तुम्ही त्यात सापडलाय."

"मग गोळी द्या."

"आत्ता नाही देत. रोज एका वेळी उठा. उठलं की उन्हात. दुपारची झोप बंद. महिनाभर करा. तरीही मन असंच राहिलं, तर कराडला मनाचे डॉक्टर आहेत, त्यांच्याकडं पाठवतो. त्यात लाजायचं काही नाही." मग ते संयोगिताकडं वळले. "वहिनी, यांना सकाळी उठवतं कोण?"

"कुणीच न्हाई."

"का?"

"आमच्यात जवानाला उठवत न्हाईत."

डॉक्टरांनी पेन उचललं. "ते आता जवान कुठं आहेत?" म्हणाले.

हे बोलणं बाळासोला लागलं. घरी आला आणि दिवस असतानाच झोपला.

त्या संध्याकाळी संयोगिता चुलीपाशी सासूजवळ बसली.

"आत्या, उद्यापासनं ह्यास्नी उजाडायला उठवायचं."

"कुणी?"

"मी उठवती."

"माझ्या घरात न्हाई," सुलाबाई म्हणाल्या.

"डॉक्टरांनीच सांगितलंय."

"डॉक्टरच्या घरातलं कोण गेलंय फौजंत?" सुलाबाईंनी लाकूड आत सारलं. मग म्हणाल्या, "साक्षीचा आज्जा शेवटच्या सुट्टीला आला, तवा घरात लगीन हुतं. रोज पावणं, रोज कालवा. एक दिस त्याला धड झोपू दिला न्हाई कुणी. तसाच गेला. मागनं तार आली. माझा माणूस झोपंचा भुकेला गेला गं. पोराला मी उपाशी ठिवायची न्हाई."

संयोगिता तवा उतरून उठली. जाताना एवढंच म्हणाली, "आत्या, पानी लय झालं तरी ऊस पिवळा पडतुया."

"माणूस म्हंजी ऊस न्हवं."

"व्हय. ऊस बोलत तरी न्हाई. माणसानं बोलायला पायजे."

सासूचा शब्द तिनं मोडला नाही. आठ-दहा दिवस ती गप्प होती. बाळासो झोपत होता, आळी कुजबुजत होती. मग एका दुपारी ती माळ्यावर चढली आणि तिनं ट्रंक खाली काढली.

ट्रंक भरणं हे आमच्याकडं बायकोचं काम. कुणी शिकवत नाही, पण प्रत्येकीला येतं. खाली कांबळं, त्यावर कपडे, मधे दाढीचं सामान टॉवेलात गुंडाळून, वर खाण्याचे डबे. संयोगितानं सगळं तसंच केलं. बेसनाचे लाडू वळले. लसणाची चटणी कुटली आणि ती कुटताना पहिल्यांदाच आवाजाची पर्वा केली नाही. ट्रंक बंद करून तिनं उंबऱ्याशी आणून ठेवली. मग डेअरीवर दूध घालायला गेली आणि जयराजच्या बायकोला म्हणाली, "उद्या सकाळी निघणार हायती." एवढं पुरलं. आळीला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही.

दिवेलागणीला बाळासोला जाग आली. त्याला दारात ट्रंक दिसली.

"कोण आलंय?"

"कुणी न्हाई. तुमी चाललाय."

"कुटं?"

"पोस्टिंग आलंय. मळ्यावर."

साळुंख्यांचा मळा ओढ्यापलीकडं आहे. ओढ्यापर्यंत सातारा जिल्हा, त्याच्या पलीकडं सांगली. घर एका जिल्ह्यात आणि ऊस दुसऱ्या, अशी आमच्या अर्ध्या गावाची गत. मळ्यावर पत्र्याची एक खोली, समोर आंब्याचं झाड, शेजारी मोटर.

"घरातनं हाकलतीस व्हय मला?" बाळासो म्हणाला.

"सरकारनं इतकी वर्सं हाकललं, तवा एकदा तरी इचारलंसा? सुट्टी संपली, आवं. एवढंच हाय."

"आणि न्हाई गेलो तर?"

"ते मला काय इचारता? ट्रंक दारात हाय. बघा."

तो थोडा वेळ ट्रंकेकडं पाहत राहिला. मग भिंतीकडं तोंड करून पडला.

सकाळी उजाडता उजाडता आळीतली माणसं दारात जमली. जवान निघताना जमतात, तशीच. कुणी फुलं आणली, कुणी नारळ. जयराज मोटरसायकल घेऊन आला, तीही चालू ठेवून, कारण निघायच्या दिवशी आवाजाला बंदी नसते. सगळे उभे राहिले. कोवळं ऊन उंबऱ्यावर आणि ट्रंकेच्या पत्र्यावर आलं. आणि बाळासो आत झोपलेला होता.

संयोगिता ओट्याच्या खांबाला टेकून उभी होती. तिला उठवायची मनाई होती आणि ती मनाई पाळत होती. सगळे सुलाबाईंकडं पाहत होते.

सुलाबाईंच्या हातात दही-साखरेची वाटी होती. निघणाऱ्याच्या तळहातावर दही ठेवायचं, हे त्यांनी आधी नवऱ्यासाठी केलं, मग मुलासाठी. त्या सकाळी ट्रंक दिसल्यावर ती वाटी त्यांनी केव्हा भरली, हे त्यांचं त्यांनाही कळलं नसेल. जवानाला उठवायचं नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण दारात ट्रंक असलेला जवान थांबत नाही, हेही ठाऊक होतं. त्या घरातल्या कुठल्याच पुरुषाची गाडी आजवर चुकली नव्हती. सासरा म्हणू नका, नवरा म्हणू नका, मुलगा म्हणू नका. म्हातारी वाटी घेऊन कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. मग आतल्या खोलीच्या दारात गेली, चौकटीवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली,

"बाळासो, ऊठ रं. गाडी चुकंल."

मळ्याला गाडी जात नाही. पण कुणी हसलं नाही.

बाळासोचे पाय डोळ्यांच्या आधी जमिनीवर आले. तो उभा राहिला, दाराकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर तेव्हा काय होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. न्हाणीत पाण्याचा आवाज झाला. तो बाहेर आला तेव्हा दाढी झालेली होती आणि हनुवटीला एके ठिकाणी कापलं होतं. सुलाबाईंनी हातावर दही ठेवलं. तो वाकून पाया पडला. जयराजनं मोटरसायकल पुढं घेतली तर त्याला हातानंच नको म्हटलं, ट्रंक खांद्यावर घेतली आणि चालू लागला.

आम्ही सगळे मागून ओढ्यापर्यंत गेलो. जयराज म्हणाला, "साहेब, जिल्हा बदलतोय. तिकडची माणसं वंगाळ हायती, जपून."

"तिकडं तुजी सासरवाडी हाय, म्हाईत हाय मला," बाळासो म्हणाला.

किती महिन्यांनी तो असं काही बोलला होता. संयोगिता डबा घेऊन त्याच्या मागं ओढा उतरली. ती हसली नाही, पण तिचं पाऊल मला हलकं वाटलं.

पुढचं सगळं सोपं झालं असं नाही. मळ्यावरची खोली पत्र्याची. ऊन वर आलं की आत भाकरी भाजेल अशी तापायची, त्यामुळं उशिरापर्यंत पडून राहणं शक्यच नव्हतं. पहिल्या आठवड्यात बाळासो उठायचा आणि आंब्याखाली बाज टाकून पुन्हा पडायचा. संयोगिता डबा घेऊन यायची, बाज उचलून उन्हात ठेवायची आणि न बोलता उसात शिरायची. एकदा त्यानं खिडकीला खताची रिकामी पोती लावून अंधार केला. तिनं ती काढली आणि त्यांत वैरण भरून घेऊन गेली. त्या दिवशी तो तिच्यावर ओरडला. ती घरी येऊन सुलाबाईंना म्हणाली, "आज पुरता राग आला त्यास्नी. मधी थांबलं न्हाईत." सुलाबाईंनी त्याचा अर्थ लावला.

हळूहळू दिवसाला कडा आल्या. सकाळी मोटरला लाईट यायची, तेव्हा पाणी पाजायला त्याला उठावंच लागायचं. उठलाच आहे तर बांधानं चक्कर. चक्कर मारली की भूक लागायची, आणि भूक लागली की डब्याची वाट पाहणं आलं. वाट पाहणारा माणूस झोपत नाही. मोटरचा स्टार्टर त्यानं स्वतः खोलून दुरुस्त केला. खोलीपुढचं अंगण सारखं करून चुन्याची रेघ ओढली, फौजेत ओढतात तशी. त्यावरून शेजारच्या मळेकऱ्यांनी त्याची भरपूर चेष्टा केली. काही दिवस जड जायचे. आभाळ भरलं की अजूनही जातात, तो स्वतः सांगतो. डॉक्टरांकडं तो पुन्हा गेला, तेव्हा त्यांनी कराडची चिठ्ठी दिली नाही, पण गरज वाटली तर मागून न्या म्हणाले.

आळीनंही आपली चूक ओळखली, पण नियम मोडला नाही. सुट्टीवर आलेल्याला आम्ही अजूनही उठवत नाही. पेन्शनवर आलेल्याला मात्र घरातली माणसं आता फार दिवस झोपू देत नाहीत. कुणी ते ठरवलं नाही. संयोगितानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

उसाची तोड झाली तेव्हाची गोष्ट. तोडलेल्या उसाच्या खोडांतून पुन्हा फुटवा येतो, तो खोडवा ठेवायचा की मोडून दुसरं पीक घ्यायचं, हा आमच्याकडं दर वर्षीचा प्रश्न. संयोगिता दुपारी मळ्यावर गेली. बाळासो बांधावर उभा होता. म्हणाला, "हा खोडवा मोडायचा. जमिनीला इसावा पायजे. हरभरा करू."

"खोडवा ऱ्हाणार," ती म्हणाली. "ह्या रानात काय येतंय मला म्हाईत हाय."

"तुला मागच्या सालाचं म्हाईत हाय. आता फुटवा बघ, केवढा इरळ हाय. चल, दावतो."

"मला दावता? ह्या रानात तुमी उभं तरी ऱ्हायला हुता का?"

"न्हवतो. आता हाय. रोज उभा हाय."

"मग हरभऱ्याला पानी कोण पाजणार? मी?"

"मी पाजीन. तू बांधावर बसून बघ."

ते बराच वेळ भांडले. सरीसरीनं फिरून, खोडं उपटून एकमेकांना दाखवत. शेजारच्या मळ्यातली माणसं काम टाकून बघत उभी राहिली. शेवटी अर्धा खोडवा ठेवायचा आणि अर्ध्यात हरभरा, असं काहीतरी ठरलं, आणि तेही दोघांना पटलं नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली. पदरानं तोंड पुसत ओट्यावर बसली. चेहरा उन्हानं लाल झाला होता.

"आत्या, तुमचं पोरगं लय भांडतंय."

सुलाबाई तांदूळ निवडत होत्या. "काय म्हणतंय?"

"म्हणतंय, रान माझं बी हाय."

"मग? तू काय म्हणलीस?"

"मी बी सोडलं न्हाई," संयोगिता म्हणाली. "उद्या सकाळी पुन्हा बोलवलंय त्यांनी. उरलेलं भांडायला."